तंबोऱ्याची चौकशी

कोयनानगरात काहीही फुटलं की ते भूकंपाने फुटतं. जमीन इथे मधूनमधून हलतेच. हलली की आम्ही आधी वर दिव्याकडे बघतो, मग मांडणीवरच्या भांड्यांकडे, आणि मग राहिलेला चहा गाळायला घेतो. पण या सवयीचा फायदा उठवण्यात आमच्या कॉलनीचा हात कुणी धरणार नाही. शेजारणीला सासूच्या काळातली लोणच्याची बरणी डोळ्यांसमोर नको होती, ती एका धक्क्यात बरोबर फुटली. तिला खेटून ठेवलेला काचेचा ग्लास मात्र जागचा हलला नाही. आमच्या ह्यांचा चष्मा आजवर तीन वेळा भूकंपात गेला. तिन्ही वेळा तो ह्यांच्याच खाली सापडला.

मला हे असलं चालत नाही. मी प्रकल्पाच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर जन्म काढला. कागदावर तारीख आणि वेळ पडल्याशिवाय तो आला असं मी मानलं नाही, मग आणणारा साहेब का असेना. निवृत्त झाल्यावर शिक्के गेले, सवय राहिली. म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी प्रत्येक धक्का लिहून ठेवते: 'स. ६.४५, भांडी वाजली' किंवा 'दु. २.१०, फक्त दिवा'. त्यामुळे कुणी येऊन म्हणालं की परवा हलली तेव्हा फुटलं, तर मी कॅलेंडर बघते आणि सांगते, परवा हलली नव्हती. यामुळे माझ्याकडे फारसं कुणी येत नाही. उरलेल्या वेळात मी वाचनालयातली रहस्यकथांची दोन कपाटं संपवली. पुढे जे घडलं त्याला या दोन गोष्टी जबाबदार आहेत, असं ह्यांचं मत आहे.

देवळामागच्या हॉलमध्ये बुधवारी आणि शनिवारी चार वाजता आमचं बायकांचं भजनी मंडळ बसतं. आम्ही अकराजणी. पुढे मधोमध, आमच्याकडे तोंड करून, काकू. वय चौऱ्याहत्तर, नवरा मिल्ट्रीतून पेन्शनीत येऊन वारलेला, मुलगाही फौजेत आणि सून-नातवंडं त्याच्याबरोबर क्वार्टरमध्ये. काकू एकट्या राहतात. माहेरच्या गावी देवळातल्या बुवांकडून त्या गाणं शिकल्या होत्या. मंडळाचा तंबोरा त्यांनीच लावायचा, दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. तंबोरा लागला की काकू डोळे मिटून पहिला सूर द्यायच्या आणि मग आम्ही बाकीच्या त्या सुरात, म्हणजे त्याच्या आसपास, शिरायचो. ती मधली जागा तीस वर्षं त्यांची होती. आठवड्यातले पाच दिवस त्या उरलेल्या दोन दिवसांची वाट बघत काढतात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

पेटीला एक शाळेतली बाई. चाळिशीची, बोलायला कमी. गेल्या वर्षीपासून तिचं एकच टुमणं होतं: तंबोरा मोबाईलवर मिळतो, पट्टी ठरवायची, बोट लावायचं, झालं. काकू म्हणायच्या, "त्या डबीला काय कळतंय गं?" आणि विषय संपायचा. मी अर्थातच काकूंच्या बाजूची.

पाटणच्या भजनस्पर्धेला महिना राहिला होता. बुधवारी चार वाजता आम्ही हॉल उघडला, तर तंबोरा खिडकीखाली आडवा पडलेला. भोपळ्याला हातभर चीर, एक तार तुटून गुंडाळलेली, वरची एक खुंटी वाकडी.

"सकाळी हलली ना!" आठ तोंडांतून एकदम आलं. "तेव्हाच पडला असणार."

काकू तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. पेटीवाली थोडा वेळ तंबोऱ्याकडे बघत राहिली, मग तिने पर्समधून मोबाईल काढला. म्हणाली, आता स्पर्धेला हाच घ्यावा लागणार. त्या दिवशी काकू पुढे बसल्याच नाहीत. भिंतीला टेकून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "आता सूर द्यायला मानूस कशाला लागतंय?"

माझं डोकंच फिरलं. काकूंची ती जागा त्यांना परत मिळवून द्यायची, एवढं मी तिथल्या तिथे ठरवलं.

घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. सकाळी पावणेसातला धक्का होता, बरोबर. पण अकरा वाजता मी स्वतः हॉलमध्ये जाऊन सतरंज्या उन्हात टाकल्या होत्या, आणि तेव्हा तंबोरा कोपऱ्यात धडधाकट उभा होता. त्याची सरकलेली खोळ मीच नीट केली होती. अकरानंतर त्या दिवशी दिवाही हलला नव्हता.

"भूकंप निर्दोष आहे," मी ह्यांना सांगितलं.

"बरं वाटेल त्याला," हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

हॉलच्या किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक काकूंकडे, एक पेटीवालीकडे. मी मला वगळलं, कारण मी मला ओळखते. काकूंना वगळलं, कारण ज्या वस्तूवर आपली जागा उभी आहे ती कोण फोडेल? राहिली पेटीवाली, जिला मोबाईल हवाच होता. दोन कपाटं वाचलेल्या माणसाला याहून जास्त काय लागतं?

तरी रीतसर चौकशी केली. कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत वितीने अंतर मोजलं. सोळा विती. त्याचा पुढे काही उपयोग झाला नाही, पण मोजलं. देवळातल्या गुरवाला विचारलं, दुपारी कुणाला येताना पाहिलंत का. तो म्हणाला, "आवं बाई, दुपारी मी झोपतो. देव बी झोपतोय तवा." मग मधल्या सुट्टीत शाळेचं फाटक गाठलं आणि पेटीवालीला सरळ विचारलं, बुधवारी दुपारी तू कुठे होतीस?

"सहावीच्या वर्गात. बेचाळीस साक्षीदार आहेत, बोलवू?"

मी म्हटलं, लहान मुलांची साक्ष धरत नाहीत. तिने मला फाटकाच्या बाजूला घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, ही चौकशी सोडून द्या ना."

मला इतका आनंद झाला! पुस्तकातले गुन्हेगार नेमकं हेच वाक्य बोलतात.

शनिवारी सगळ्या जमल्यावर मी उभी राहिले आणि अकराचा पुरावा मांडला. नाव कुणाचं घेतलं नाही. फक्त म्हणाले, ज्यांना मोबाईल हवा होता त्यांचंच यात फावलं, एवढंच मी म्हणते. सगळ्यांच्या माना पेटीकडे वळल्या. पेटीवालीचा चेहरा लाल झाला. तिने पेटीचा भाता बंद केला, वर कापड टाकलं आणि निघून गेली. काकू भिंतीजवळून आमची तोंडं बघत होत्या. घरी जाताना मी रस्त्याने गुणगुणत होते. आज हे लिहिताना लाज वाटते.

तंबोरा दुरुस्तीला मिरजेला न्यायचा ठरला. हे म्हणाले, आरोपी पकडून झाला असेल तर मयत पण तूच ने. काकू म्हणाल्या, मी येते. मग आम्ही दोघी आणि चादरीत गुंडाळलेला तंबोरा असे एसटीत बसलो.

"मावशी, ह्याचं तिकीट?" कंडक्टरने विचारलं.

"त्याला जागा नको, मांडीवर घेतलाय."

"मांडीवरच्याचं वय काय?"

"तीस."

"मग फुल पडतंय," म्हणाला आणि हसत पुढे गेला.

पाटणपासून कराडपर्यंत मी काकूंना माझा पुरावा क्रमवार सांगितला. किल्ल्या, सतरंज्या, सोळा विती, सगळं. काकू खिडकीबाहेर बघत अधूनमधून मान हलवत होत्या. इतकं शांतपणे ऐकून घेणारं माणूस मला लग्नानंतर भेटलं नव्हतं. कराडला गाडी बदलली आणि दुपारी मिरजेत पोचलो.

तंबोरे-सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत एका दुकानात शिरलो. वर आढ्याला वाळके भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. कारागीर माझ्याच वयाचे, कपाळावर चष्मा चढवलेला. काकू शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि भिंतीवरच्या नव्या तंबोऱ्याची नक्षी बघू लागल्या. मी लगेच सुरुवात केली, "हा कुणीतरी मुद्दाम पाडलाय, बरोबर ना?"

त्यांनी चादर सोडली, चष्मा खाली घेतला, भोपळ्याकडे नजर टाकली आणि थेट वर खुंटीकडे गेले. वाकडी खुंटी काढून भोकात बोट फिरवलं. मग तुटलेल्या तारेचं टोक उजेडात धरलं.

"पडलाय हो, पण ते नंतर," ते म्हणाले. "आधी तार तुटली. ही गंजून तुटलेली नाही, ताणून तुटलीय. खुंटीचं भोक बघा, चिरलंय. जिथे सूर लागतो तिथून पुढे पिळत नेलीय, पिळत नेलीय, कुठच्या कुठे. एवढं झाल्यावर तार किंचाळायला लागते. कान असलेला माणूस इथवर जाऊच शकत नाही." ते जरा हसले. "ज्याला ऐकू येत नाही अशा माणसाने लावलाय हा. तार तुटून अंगावर आली असेल, दचकून सोडला असेल."

एवढं सगळं काकूंपासून दोन हातांवर बोललं गेलं. काकू नक्षीकडे बघून हसत होत्या. आम्ही गप्प झालोय हे बघून त्यांनी तोंड वळवलं आणि विचारलं, "काय म्हनत्यात?"

कारागीर खाली मान घालून तारेशी चाळा करत राहिले. कराडपर्यंतचा माझा सगळा पुरावा त्यांच्या कानाबाहेरच राहिला होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

"लाकूड जुनं झालं होतं म्हणतात," मी म्हटलं.

काकू माझ्या ओठांकडे बघत होत्या. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. त्यांच्या समोर बसून मी वर्षानुवर्षं गायले आणि हे मला एकदाही दिसलं नव्हतं.

"खोटं बोलायला येत न्हाई तुला," त्या म्हणाल्या. "त्वांड वाकडं हुतंय." आणि उठून बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

मी शेजारी जाऊन बसले. चहा मागवला. दोन्ही तळव्यांत कप धरून त्या आपणहून बोलायला लागल्या.

"दोन वरसं झाली. आदी टीवी लांब गेला, मग पाखरं गेली. तुमी गाताय तवा तुमची त्वांडं बगते आन् टाळाच्या हातावर जाते. तार लावताना भोपळ्यावर तळवा ठिवला की सूर हाताला कळायचा. त्या दिशी दुपारी म्हनलं, कुनी यायच्या आदी लावून ठिवावा. गार पान्यात धुनं धुऊन हात बदीर झालं हुतं. कळंना. म्हनून पिळत ग्येले, पिळत ग्येले, आन् तार ह्या हितं आली." त्यांनी गालावरचा बारीक ओरखडा दाखवला. तोही माझ्या चौकशीत आला नव्हता.

"मग सांगितलं का नाही?"

"घाबरून कुलूप लावून ग्येले. मग समद्या भूकंप म्हनाल्या. म्या म्हनलं, असू द्या." त्या हसल्या आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले. "बहिरीला कोन पुढं बसवंल? म्या बी बसवलं नसतं. ती जागा ग्येली तर मी बुदवारी करू काय, सांग की."

मला फार वाईट वाटलं. आणि लगेच पेटीवाली आठवली. शनिवारी मी काय केलं ते काकूंना ऐकूच गेलं नसणार. म्हणून मी सांगितलं. त्यांना कळावं म्हणून मोठ्याने सांगितलं, तेव्हा समोरच्या दुकानातले दोघं सतार बाजूला ठेवून ऐकायला लागले.

काकूंनी कप खाली ठेवला. "लय वंगाळ केलंस," त्या म्हणाल्या. "त्या पोरीनं काय केलं न्हाई. मीच सांगते समद्यास्नी." पण बोलता बोलता त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गच्च गुंडाळलं.

मिरजेत डॉक्टर शोधावा लागत नाही, चुकवावा लागतो. त्याच दुपारी मी काकूंना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तपासून त्यांनी सांगितलं की यंत्राने बरंच ऐकू येईल, पण सवय व्हायला वेळ लागेल, आणि यंत्र हातात यायलाही पंधरा दिवस. परतीच्या गाडीत मी काकूंना म्हटलं, बुधवारी तुम्ही काही बोलू नका, मी बघते. त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे, त्यांनी मान हलवली.

बुधवारी सगळ्या बसल्यावर मी पुन्हा उभी राहिले. "तंबोरा माझ्या हातून पडला," मी म्हटलं. "अकरा वाजता, सतरंज्या काढताना. लपवलं मी."

मला वाटलं होतं आश्चर्याने सगळ्या अवाक होतील. हुंदका, निदान एखादं 'अगंबाई'. एकीलाही आश्चर्य वाटलं नाही. "तरीच," बरणीवाली शेजारीण म्हणाली. मागून कुणीतरी म्हणालं, "चौकशीची हौस ना, म्हणून फोडला असेल." मी इतक्या वर्षांत एकही खोटी नोंद केली नव्हती, आणि आयुष्यातलं पहिलं जाहीर खोटं या बायकांनी विनाचौकशी दाखल करून घेतलं. मग मी पेटीवालीसमोर जाऊन हात जोडले आणि सगळ्यांदेखत माफी मागितली. ती माफी खरी होती.

तेवढ्यात भिंतीजवळून काकू उठल्या. "न्हाई गं, ती काय..."

पेटीवालीने भाता ओढून दोन पट्ट्या जोरात दाबल्या. सगळ्या दचकल्या. काकूंना आवाज गेला नसेल, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पेटीवालीने पुढची मधली जागा हाताने थोपटली. "काकू, या. बसा. मोबाईल नकोय आज कुणाला."

काकू उभ्याच राहिल्या. मग सावकाश येऊन बसल्या, मांडी घातली, डोळे मिटले आणि सूर दिला. तंबोरा नाही, काही नाही. तो कुठला सूर होता देव जाणे, पण त्यांचा चेहरा मी आठवडाभर पाहिला नव्हता तसा झाला होता. पेटीवालीची बोटं पट्ट्यांवर क्षणभर हवेत थांबली, मग दोन घरं खाली सरकली आणि काकूंच्या सुराला जाऊन मिळाली. आम्हीही मागोमाग त्या सुरात शिरलो.

सगळ्या गेल्यावर मी पेटीला खोळ घालायला मदत करत होते. ती म्हणाली, "ताई, तुम्ही नाही फोडलात. मला माहीत आहे."

"कशावरून?"

"दोन वर्षं काकू दर वेळी वेगळ्या पट्टीत सुरू करतात. मी आधी त्या कुठे जातायत ते बघते, मग पेटी तिथे नेते. तंबोरा लावताना त्यांची धडपड बघवायची नाही, म्हणून मोबाईल म्हणत होते. तार लावायची कटकट जाईल आणि जागा राहील असं वाटलं. त्या उठून भिंतीपाशी जातील हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"अगं, मग शाळेपाशी मला सांगायचं होतंस!"

"तुम्हाला? कॉलनीला कळलं असतं."

मी खोळीची नाडी ओढून बांधली.

"तुम्ही चौकशी सोडेनात, तेव्हा मी घाबरले होते," ती पेटीचा पट्टा आवळत म्हणाली. "सारखं वाटायचं, ह्यांना खरं सापडलं तर काकूंचं काय होणार. मग शनिवारी तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यावर आळ घेतलात, आणि मला इतकं हायसं वाटलं, ताई. म्हटलं, सुटल्या काकू."

तिने वह्यांची पिशवी खांद्याला लावली आणि ती घरी गेली. मी तिथेच खाली बसले आणि मला रडू आलं.